काचेच्या पेटीतली सवत

चर्चच्या दारातून निघालेली रांग दवाखान्याला वळसा घालून थेट पाण्याच्या टाकीपर्यंत पोचली होती. कुणाच्या काखेत कुबड्या, कुणाच्या कडेवर तापलेलं मूल, कुणाच्या डोळ्यावर पट्टी, आणि प्रत्येकाच्या मुठीत कापसाचा एक बोळा. बावीस वर्षांपूर्वी पुरलेली बाई जशीच्या तशी सापडली होती. तिच्या पायांतून तेल पाझरत होतं, आणि तेही गुलाबाच्या वासाचं. आता यावर कोण घरी बसून राहील?

त्या रांगेतून वाट काढत साबणवाली निघाली होती. एका हातात नवऱ्याचा डबा, दुसऱ्या हातात त्याच्यासाठी घडीचं स्टूल. तिला वाट काढावी लागत नव्हती म्हणा. लोक आपणहून बाजूला होत होते.

"सरका, सरका. संतीणबाईंची सवत आलीय."

वीस वर्षं या गावाला साबण पुरवून तिला जो मान मिळाला नव्हता, तो आता या एका शब्दाने मिळत होता. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

जिवंत सवत एक वेळ परवडते. ती म्हातारी होते, दूध उतू घालवते, तिच्याशी कडाकडा भांडता येतं. साबणवालीच्या वाट्याला मेलेली सवत आली होती. तिचा नवरा घड्याळजी. त्याची पहिली बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. पुराच्या वर्षी तापाची साथ आली, तेव्हा नर्सबाई दोन महिने रुग्णांत राबली आणि शेवटी त्याच तापाने गेली. मागे तीन वर्षांची लेक. त्यानंतर दोन वर्षांनी साबणवाली या घरात आली, तेव्हा भिंतीवर पांढऱ्या टोपीतला नर्सबाईचा फोटो होता आणि कपाटात तिचा निळा कप. त्या कपातून चहा प्यायची कुणाला मुभा नव्हती. सूप खारट झालं की घड्याळजी काही बोलत नसे, फक्त एकदा फोटोकडे बघे. त्यापेक्षा त्याने ताट भिरकावलं असतं तर बरं वाटलं असतं.

आणि आता ही बाई कुजायलासुद्धा तयार नव्हती. मेल्यावर सगळ्यांचं जे होतं, तेही हिचं झालं नव्हतं.

झालं होतं असं. नदीकाठच्या दफनभूमीतून मोठं गटार काढायचं ठरलं, म्हणून खालच्या अंगाच्या कबरी उचलून वर न्यायच्या होत्या. नर्सबाईची पेटी उचलताना झाकण निखळलं आणि खोदणारे दोघे फावडी टाकून पळाले. आत हाडं नव्हती. आत अख्खी बाई होती, पांढरीफटक, घट्ट.

संत माणसाचा देह मातीत कुजत नाही, त्याला सुगंध येतो, शेवटच्या दिवशी सगळे मेलेले उठणार आहेत त्याची ती देवाने आधीच दिलेली खूण, ही भाविकांची जुनी श्रद्धा. चर्चचे फादर मात्र सावध होते. नुसत्या देहावरून चर्च कुणाला संत ठरवत नाही, आधी चौकशी होते, असं म्हणून त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहिलं. पण उत्तर येईपर्यंत त्यांनी पेटी काही बंद केली नाही. पलीकडच्या गावच्या चर्चमध्ये एका संताचं बोटाचं हाड होतं आणि ते लोक गेली तीस वर्षं त्या एका बोटाचा तोरा मिरवत होते. इकडे आता अख्खी बाई मिळाली होती. फादर झाले तरी माणूसच.

आठ दिवसांत कुठूनसा एक प्रचारक उगवला. लांब झगा, मऊ हात, नाकाशी सारखी तपकिरीची चिमूट. सगळे त्याला ब्रदर म्हणू लागले. अशा पवित्र देहांची सेवा करण्यातच आपलं आयुष्य गेलं, असं त्याने सांगितलं. तीन दिवस बाजूच्या खोलीचं दार लावून त्याने 'सेवा' केली, आणि चौथ्या दिवशी काचेच्या पेटीत नर्सबाई प्रकटली. मखमलीत गळ्यापर्यंत गुंडाळलेली, गालांवर लाली, ओठांवर हसू. पायांशी संगमरवरी पन्हळ आणि पन्हळीत टिपटिप तेल.

"कुजतं कोण?" ब्रदर विचारायचा. "जो पापात भिजला तो! टिकतं कोण? जो प्रार्थनेत मुरला तो!"

हे पुण्याचं वर्णन होतं की लोणच्याचं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण लोक हुंदके द्यायचे आणि कापूस पुढे करायचे. पन्हळीतलं तेल टिपून दुखऱ्या भागाला लावायचं, म्हणजे दुखणं गेलंच. न गेलं तर? तर तुमची श्रद्धा कच्ची. तेल पक्कंच होतं.

घड्याळजी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून पेटीशी बसू लागला. लेक आता पंचवीस वर्षांची. ती शाळेत शिकवायची आणि रविवारी पन्हळीपाशी उभी राहून लोकांचे कापूस भिजवून द्यायची. हे साबणवालीला नवऱ्यापेक्षा जास्त लागलं. सहा वर्षांची व्हायच्या आधीच ही पोर तिला आई म्हणू लागली होती. तिच्या उवा हिने काढल्या, गोवरात हिने जागरणं केली. आता लेक बोलताना "माझी आई" म्हणाली की ते काचेतल्या बाईबद्दल असायचं. हिच्याबद्दल सांगायचं झालं तर ती "घरची आई" म्हणायची. घरची मांजर म्हणावं तसं.

हे सगळं तिने गिळलं असतं. वीस वर्षं गिळतच आली होती. पण एका दुपारी नवऱ्याच्या दुकानात झाडताना तिने बारीक स्क्रूंचा डबा उचलला आणि तो जरा वेगळाच खुळखुळला. आत गोळ्या होत्या. हृदयाच्या. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलेल्या, एकही दिवस चुकवायच्या नाहीत अशा. दीड महिन्याच्या साठल्या होत्या.

"अहो, हे काय?"

घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग काढलंसुद्धा नाही. "मला आता गरज नाही त्यांची. ती आहे ना. रोज छातीला तेल लावतो मी."

"ती मेलीय. आणि गोळ्या सोडल्या तर तुम्हीही मराल."

तेव्हा त्याने भिंग काढलं. "तू आधीपासून जळतेस तिच्यावर," तो शांतपणे म्हणाला. "मला माहीत आहे. मी कधी बोललो नाही इतकंच."

संध्याकाळी लेकीला सांगितलं तर तीही तेच म्हणाली, फक्त जरा गोड शब्दांत. आणि मुख्य म्हणजे ते खरं होतं. ती जळत होतीच. तिला ते तेल खोटं निघायला हवं होतं, अगदी पोटातून हवं होतं. मग आपल्याला जे दिसतंय ते खरं आहे की आपलाच जळफळाट डोळ्यांवर आलाय, हे ठरवायचं कसं? गोळ्यांचा डबा तसाच खुळखुळत होता आणि सांगायला गेलं की सगळ्यांकडे एकच उत्तर तयार होतं, सवत आहे, दुसरं काय बोलणार!

त्या दिवशी घड्याळजी आंघोळीला गेल्यावर तिने त्याचा सदरा धुवायला घेतला. छातीपाशी तेलाचा डाग होता. तिने सवयीने तो नाकाला लावला. मग पुन्हा एकदा लावला.

तो गुलाब तिचा होता.

खरा गुलाब तिला परवडत नसे. म्हणून ती जिरेनियमचं तेल घ्यायची, त्यात लिंबाच्या सालीचा अर्क आणि दोन थेंब व्हॅनिला. हे तिचं तिने बसवलेलं होतं, दुसऱ्या कुणाचं नव्हतं. साध्या तेलात ते मिसळून निळ्या बुचाच्या बाटल्यांत भरून ती फळीवर ठेवायची. फळीवर पाहिलं तर पुढच्या रांगेत खिंडार पडलं होतं.

नवऱ्याला विचारलं तेव्हा तो पोरासारखा ओशाळला. दर शनिवारी एक बाटली नेतो, म्हणाला. संतीणीच्या पायांना सुगंध लावण्याचा मान तिच्या नवऱ्याचा, असं ब्रदरनी सांगितलं होतं. पण पायांतून येतं ते तेल वेगळं, तिचं स्वतःचं.

म्हणजे दीड महिना हा माणूस बायकोच्या कढईतलं तेल छातीला चोळत होता आणि पुण्य सवतीच्या खात्यावर जात होतं. साबणवालीला हसावं की रडावं कळेना.  पण वास सारखा आहे एवढ्याने काही सिद्ध होत नाही, हे तिलाही कळत होतं. साबणाचा घाणा, म्हणजे एका वेळची कढई, जमला की नाही हे ती कधी डोळ्यांवर सोडत नसे, प्रत्येक वेळी तुकडा काढून तपासायची. इथेही तेच करायला हवं होतं.

तिने फळीवरच्या सगळ्या बाटल्या रिकाम्या केल्या. नव्या तेलात गुलाब घातला नाही, लवंग घातली, चांगली सढळ हाताने. तीच निळी बुचं लावली आणि वरून मेणाने बंद केली. ब्रदरला वास येईल ही भीती तिला नव्हती. दिवसाला तपकिरीची अर्धी डबी नाकात कोंबणाऱ्याला लवंग आणि केरोसीन सारखंच.

मधल्या दिवसांत ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. तेलाचं झालं, पण बाई अख्खी कशी राहिली? डॉक्टरीणबाईंनी उलट तिलाच विचारलं, साबण कशाचा करता?

"चरबीचा किंवा तेलाचा. त्यात कॉस्टिक सोडा आणि पाणी."

"तेच आहे ते. खालची दफनभूमी चिकणमातीची, बारा महिने पाणी मुरलेलं. तिथे पेटीत हवा जात नाही. हवा नसली, ओल असली, की चरबी कुजायच्या ऐवजी घट्ट पांढऱ्या मेणासारखी होते, तुमच्या साबणाची चुलत बहीण. त्यामुळे आकार तसाच राहतो. संत असो की दरोडेखोर, मातीला फरक पडत नाही."

साबणवालीने कपाळावर हात मारला. तेच गटार तिच्या कारखान्याच्या मागून जात होतं, आणि त्याच महिन्यात खोदणाऱ्यांना तिथे काहीतरी सापडलं होतं. ते हसत हसत तिला दाखवायला आले होते आणि तिने नाक मुरडून पुन्हा पुरायला लावलं होतं.

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ब्रदरने हात उंचावले, घंटा वाजली, पन्हळीत थेंब पडू लागले. लेकीने पहिल्या म्हातारीचा कापूस भिजवला, तिच्या हातात द्यायला वळली आणि थबकली.

साबण करणाऱ्याचं नाक स्वतःच्या वासाला सरावतं, त्याला आपला माल नीट हुंगता येत नाही. म्हणून ही पोर पाच वर्षांची असल्यापासून साबणवाली प्रत्येक घाणा तिच्या नाकाखाली धरायची. शाळेतून पळत यायची, दप्तर फेकायची, डोळे मिटून हुंगायची आणि सांगायची, गुलाब जास्त झालाय, आज लिंबू कमी. गावात त्या नाकाला तोड नव्हती.

लेकीने डोळे मिटले. पुन्हा हुंगलं.

"लवंग," ती म्हणाली. मग डोळे उघडून गर्दीत कुणाला तरी शोधत म्हणाली, "आई, ही तुझी लवंग आहे."

तिने आई काचेकडे बघून म्हटलं नव्हतं. 

लोक कापूस हुंगू लागले. लवंग, लवंग, अशी कुजबुज दारापर्यंत गेली. ब्रदरने आपलं बोट हुंगलं, त्याला काहीच आलं नाही, पण गडी मुरलेला होता. "नवी खूण!" तो गरजला. "संतीणबाईंनी आज दातांच्या दुखण्यावर कृपा केली आहे!" मागच्या बाकावरच्या एका गृहस्थाने लगेच आ वासला.

"खूण नाही," साबणवाली पुढे होत म्हणाली. "मी घातलीय लवंग. शनिवारच्या बाटलीत. माझ्या कारखान्यात."

मग अपेक्षित तेच झालं. सवत आहे. जळते. पहिल्यापासून जळते. घड्याळजी स्टुलावर मान खाली घालून बसला होता.

"हो, जळते," ती म्हणाली.  "वीस वर्षं जळतेय. त्या फोटोवर, त्या कपावर, सगळ्यावर. पण मी जळते म्हणून लवंगेचा गुलाब होत नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या हातात कापूस आहे आणि तुम्हाला नाक आहे."

लेकीने वाट बघितली नाही. तिने पायांकडची मखमल बाजूला सारली. खाली लाकडी ठोकळ्यावर निळ्या बुचाची बाटली उभी होती. तिच्या तोंडातून जाड सुती वात निघून पन्हळीत उतरली होती. कंदिलाच्या वातीत तेल चढतं तसं ते वातीत चढत होतं आणि दुसऱ्या टोकाने टिपटिप गळत होतं.

"पण देह?" कुणीतरी ओरडलं. "देह तर खोटा नाही ना?"

तेव्हा दारातून खोदणारे दोघे एक फळी घेऊन आत आले आणि त्यांच्यामागून डॉक्टरीणबाई. फळीवर एक डुक्कर होतं. पुराच्या वर्षी खाटकाची डुकरं बुडून मेली, ती साबणाच्या कारखान्यामागच्या खड्ड्यात पुरली होती, त्यांपैकी एक. त्याच वर्षीचं, त्याच चिकणमातीतलं, पांढरंफटक, घट्ट, शेपटासकट अख्खं. डॉक्टरीणबाईंनी चरबी आणि ओल समजावून सांगितली, पण निम्म्या लोकांना ते त्याआधीच समजलं होतं. एक खोदणारा ब्रदरकडे वळून म्हणाला, "यालाही काचेची पेटी करायची का?" ब्रदर उत्तर द्यायला थांबला नाही. बाजूच्या दाराने गेला तो गेलाच, तपकिरीची डबी मात्र राहिली.

फादरांचा चेहरा पडला होता. ब्रदरने दार लावून चेहऱ्याचं काय केलं याची आपण खात्री केली नव्हती, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. "शेवटच्या दिवशी उठवायला देवाला अख्खा देह लागत नाही," ते म्हणाले. "हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मूग गिळून बसलो, ती माझी चूक." आणि त्यांनी पेटी उघडायला सांगितली.

गालांवरची लाली आणि ओठांवरचं हसू मेणाचं होतं. लेकीच्या हातून मुखवटा निघेना, तो साबणवालीने काढला, साच्यातून वडी सोडवावी तसा, कडेकडेने. खालचा चेहरा लहानसा, चरबी नसल्याने काळवंडलेला, सुकलेला होता. नाक बसलेलं. कपाळावर मात्र पांढऱ्या टोपीची किनार अजून होती.

साबणवाली बघत राहिली. एकोणतीस वर्षं. ही बाई एकोणतिसाव्या वर्षी गेली होती, लेकीहून चारच वर्षांनी मोठी. फोटोतली बाई तिला नेहमी आपल्याहून मोठी, आपल्याहून वरची वाटत आली होती. आपण या पोरीवर जळत होतो, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची शरम वाटली. तिने खांद्यावरची शाल काढून त्या चेहऱ्यावर पांघरली.

मग ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. स्क्रूंचा डबा तिने बरोबरच आणला होता.

"साथीत ती काय करायची, तुम्हीच सांगितलंय मला," ती म्हणाली. "घरोघर जाऊन लोकांना उठवायची आणि औषध वेळेवर द्यायची. न घेणाऱ्याचं नाक दाबून पाजायची. आज ती उठून आली असती ना, तर तुम्हाला हे तेल दिलं नसतं. ही गोळी दिली असती."

घड्याळजीने डबा हातात घेतला. मग त्याने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, एक गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी मागितलं.

नर्सबाईला वरच्या अंगाला, कोरड्या मातीत पुन्हा पुरलं. दगडावर 'संत' लिहिलं नाही. साथीत रुग्णांची सेवा करताना गेली, एवढंच लिहिलं, आणि तो मजकूर साबणवालीने सांगितला. पुरताना घड्याळजी ढसाढसा रडला, तेव्हा ती पुन्हा थोडी जळली. ते काही एका दिवसात जाणारं नव्हतं.

अजूनही लांबून कुणी कुणी येतं. गेल्या आठवड्यात एक बाई आजारी मुलाला घेऊन आली, मुठीत कापूस. साबणवालीने तिला दवाखान्याचा रस्ता दाखवला आणि सगळी हकिगत सांगितली. बाईने ऐकून घेतलं आणि डोळे बारीक केले.

"तुम्ही त्यांच्या सवत ना? मग तुमचं खरं कसं मानायचं?"

"मानू नका," साबणवाली म्हणाली आणि फळीवरून दोन बाटल्या, एक गुलाबाची आणि एक लवंगेची, काढून तिच्यासमोर ठेवल्या. "दोन्ही हुंगून बघा. डॉक्टरीणबाईंना विचारा. खोदणाऱ्यांना विचारा. आणि विचारून होईपर्यंत मुलाचं औषध बंद करू नका."

बाईने पहिल्या बाटलीचं बूच काढलं.